प्रगतिपुस्तकातला शेरा

दिवाळीच्या फराळाला आलेला पाहुणा पहिला लाडू संपवतो न संपवतो, तोच घरातल्या मुलाकडे वळून विचारतो, “काय रे, सहामाहीचे पेपर कसे गेले?” मुलगा चकलीचा तुकडा मोडत “बरे गेले” म्हणतो. आतून आईचा आवाज येतो, “बरे कुठले! हुशार आहे हो, पण लक्ष म्हणून नाही.” पाहुणा मान डोलावतो, मुलगा खाली बघतो आणि फराळ पुढे चालू होतो. मी स्वतः छत्तीस वर्षे एका तालुक्याच्या गावी गणिताचा मास्तर होतो. हा प्रश्न मी किती घरी विचारला असेल, याची गणती नाही. त्याचे उत्तर देणाऱ्या मुलाला काय वाटत असेल, हा विचार मात्र कधी मनाला शिवला नाही.

गेल्या पाडव्याच्या दिवशी सकाळी एक गृहस्थ माझ्या घरी आले. केस पिकलेले, बोटांना तारेच्या कामाचे घट्टे पडलेले. बरोबर नऊदहा वर्षांची नात. वाकून नमस्कार करून ते म्हणाले, “ओळखलंत का सर?” मी ओळखले नव्हते. त्यांनी नाव सांगितले, बाक सांगितला, तुकडी सांगितली, तेव्हा ओळख पटली. १९७८ साली हा मुलगा माझ्या आठवीच्या वर्गात होता. आता त्याचे पाण्याच्या मोटारी भरून देण्याचे दुकान आहे. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी त्याच्याकडे येतात आणि कोणत्या मोटारीला कोणत्या जाडीच्या तारेचे किती वेढे, हे त्याला वहीत बघावे लागत नाही.

चहा झाल्यावर त्याने पिशवीतून नातीचे प्रगतिपुस्तक काढले आणि माझ्यासमोर ठेवले. वर्गशिक्षकांच्या शेऱ्याच्या जागी लिहिले होते : ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही. लेखन अपुरे.’

“सर,” तो म्हणाला, “माझ्या पुस्तकावर हेच वाक्य होतं. खाली सही तुमची होती.”

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच मला ते जास्त लागले. मला सगळे आठवले. हा मुलगा तोंडी हिशेबात वर्गाच्या पुढे असे. व्याजाचे उदाहरण मी फळ्यावर लिहून होण्याआधी मागच्या बाकावरून उत्तर येई. पण पेपर हातात घेतला की अर्धी पाने कोरी. जे लिहिलेले असे तेही वेडेवाकडे, अंक मागचे पुढे, पुढचे मागे. मी त्याला आळशी ठरवले. घरी शेरा गेला, घरी मार बसला. नववीत तो नापास झाला आणि शाळा सुटली. शाळेला त्याने दोष दिला नाही, मलाही दिला नाही. दोष सगळा त्याने स्वतःच्याच डोक्यावर घेतला आणि इतकी वर्षे वाहिला.

“आता हिचं काय करू ते सांगा,” तो म्हणाला. मला उत्तर देता आले नाही. चार दिवसांनी ये, एवढेच मी म्हणालो.

ते गेल्यावर मी कपाटातून रामानुजनचे चरित्र काढले. हे चरित्र मी दर वर्षी वर्गात सांगत असे. मद्रासच्या एका गरीब कारकुनाने केंब्रिजच्या हार्डीला पत्र लिहिले आणि तो जगप्रसिद्ध झाला. मग आजारी रामानुजनला भेटायला हार्डी १७२९ नंबरच्या टॅक्सीने आला, ती गोष्ट. मुले टाळ्या वाजवीत आणि तास संपे. त्या दिवशी चरित्र पुन्हा वाचताना लक्षात आले की, मी मुलांना आयुष्यभर या गोष्टीचा उत्तरार्धच सांगत आलो होतो. पूर्वार्ध गाळला होता, आणि माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाला गरज होती ती नेमकी पूर्वार्धाची.

तो पूर्वार्ध असा.

श्रीनिवास रामानुजनचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी झाला. वाढला तो कुंभकोणमला. वडील एका कापडवाल्याच्या पेढीवर कारकून, आई देवळात भजने म्हणणारी. घरातली मिळकत इतकी बेताची की, शिकणारी एकदोन मुले जेवायला-राहायला ठेवून घर चालवावे लागे. १८९७ साली प्राथमिक परीक्षेत हा मुलगा जिल्ह्यात पहिला आला. पुढल्या वर्षी तो तिथल्या टाऊन हायस्कुलात दाखल झाला. घरी राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांकडून त्याने लोनीचे त्रिकोणमितीचे पुस्तक मागून घेतले आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास ते पुरे केले. शाळेत बाराशेच्या आसपास मुले आणि पस्तीसेक शिक्षक. त्यांची वर्गवार वाटणी करून वेळापत्रक बसवण्याच्या किचकट कामात शाळा या पोराची मदत घेई. वेळापत्रक म्हणजे काय प्रकरण असते, हे शाळामास्तरालाच ठाऊक! मी ते काम दहा वर्षे केले आहे आणि दर जूनमध्ये आजारी पडलो आहे.

१९०३ साली त्याच्या हाती एक पुस्तक आले. जॉर्ज शूब्रिज कार नावाच्या इंग्रज गृहस्थाने ते रचले होते. त्यात जवळजवळ पाच हजार प्रमेये ओळीने मांडली होती, सिद्धता असल्या तर नावापुरत्या. हे कार महाशय कोण? तर केंब्रिजच्या परीक्षेसाठी मुलांची तयारी करून घेणारे खासगी शिकवणीवाले. म्हणजे ज्या ग्रंथाने रामानुजनला गणिताचे वेड लावले, तो मुळात परीक्षेच्या उजळणीसाठी केलेला संग्रह होता. दुसऱ्या एखाद्या मुलाने त्यातली प्रमेये पाठ केली असती. रामानुजनने एकेक प्रमेय घेऊन ते खरे का, हे स्वतःच शोधायला सुरुवात केली, आणि शोधता शोधता पुस्तकात नसलेली प्रमेये त्याला सापडू लागली. कागद महाग होता. तो पाटीवर मांडणी करी, कोपराने पुसी आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवून ठेवी.

१९०४ साली तो शाळेतून उत्तीर्ण झाला. गणिताचे रंगनाथ राव पारितोषिक त्याला मिळाले. हेडमास्तर कृष्णस्वामी अय्यर यांनी भरसभेत सांगितले की, या मुलाला पूर्ण गुणही कमीच आहेत. शिष्यवृत्ती घेऊन तो कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गेला. आणि इथून उतरण लागली.

इतर विषयांच्या तासाला तो बसे, पण मन गणितात. इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. फी भरण्याची घरची ऐपत नव्हती. १९०५ साली हा सतरा वर्षांचा मुलगा कोणाला न सांगता घरातून निघून थेट विशाखापट्टणमला गेला. मुलगा हरवल्याचे वर्तमानपत्रात छापून आले. तो परत आला. १९०६ साली मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात त्याने पुन्हा नाव घातले. तिथे गणित, इंग्रजी, संस्कृत, ग्रीस-रोमचा इतिहास आणि शरीरशास्त्र असे विषय होते. गणिताचा तीन तासांचा पेपर तो अर्ध्या तासात संपवी. शरीरशास्त्रात मात्र शंभरात दहा गुणही मिळेनात. मध्येच आजारी पडून घरी जावे लागले. डिसेंबर १९०६ मध्ये तो एफ. ए. ची परीक्षा नापास झाला. १९०७ मध्ये पुन्हा बसला आणि पुन्हा नापास झाला.

एफ. ए. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या इंटरची बहीण. ती गेली की पदवीचा रस्ता बंद, आणि पदवी नाही म्हणजे सरकारी नोकरी नाही. विसाव्या वर्षी कागदोपत्री रामानुजनची योग्यता एवढीच उरली होती : मॅट्रिक पास, पुढे दोनदा नापास.

हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर त्या परीक्षेचे कूळ पाहिले पाहिजे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ साली निघाली. लंडन विद्यापीठाचा त्या वेळचा नमुना त्यांच्यापुढे होता. शिकवण्याचे काम कॉलेजांचे; विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि पदव्या द्याव्या. शिक्षकाची मर्जी, ओळखपाळख, जातगोत यांतले काही पेपर तपासणाऱ्यापर्यंत पोचू नये, हा यातला मोठा गुण. पण त्याच गुणाची दुसरी बाजूही आहे. जो मुलाला ओळखतो तो गुण देत नाही, आणि जो गुण देतो तो मुलाला ओळखत नाही. त्यातून नियम असा की, प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हायलाच हवे. एका विषयातले डोंगराएवढे गुण दुसऱ्या विषयातला खड्डा भरून काढू शकत नसत. सरकारी कचेऱ्यांना सगळ्या कामांत बरी अशी माणसे हवी होती, आणि ती निवडायला ही चाळण उत्तम होती. रामानुजन त्या चाळणीतून खाली पडला, यात चाळण मोडलेली नव्हती. ती ज्यासाठी केली होती, तेच काम तिने केले.

परीक्षेला सरसकट शिव्या घालणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. याच काळातला आपला दुसरा माणूस पाहा. दापोलीजवळच्या मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. परीक्षांच्याच पायऱ्यांवरून चढत ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनिअर रँग्लर झाले. कोकणातल्या खेड्यातला मुलगा इंग्लंडच्या सर्वांत अवघड मानल्या जाणाऱ्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या जागी आला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राची मान ताठ झाली. परीक्षा नसती तर रँग्लर परांजप्यांना कोणी विचारले असते? ज्या दाराने परांजपे आत गेले, त्याच दाराशी रामानुजन अडला, एवढाच याचा अर्थ. दार खोटे नव्हते. घराला एकच दार ठेवले होते, ही चूक होती.

आणि योगायोग कसा पाहा! रामानुजनला दुसरे दार सापडले, त्याचा एक धागा पुण्याशीच जोडलेला आहे. व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या गणिताची आवड असलेल्या डेप्युटी कलेक्टरांनी १९०७ साली काही मित्र जमवून गणितप्रेमींचे एक मंडळ काढले. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. परदेशी नियतकालिके एकट्यादुकट्याला परवडत नाहीत, म्हणून ती वर्गणीतून घ्यावी आणि सभासदांत फिरवावी, असा तिचा साधा उद्योग. तिचे ग्रंथालय फर्ग्युसन कॉलेजात होते. नापास झालेला, पाटी घेऊन ओसरीवर बसणारा रामानुजन शेवटी या मंडळींच्या नजरेस पडला.

पण त्याआधी मधली वर्षे गेली. ती मी वर्गात कधी सांगितली नाहीत, कारण त्यात सांगण्यासारखे काही घडत नाही. मित्रांच्या खोल्यांवर राहायचे, शिकवणी मिळाली तर करायची. शिकवणीतही तो फारसा टिकेना, कारण पुस्तकातली रीत सोडून तो भलतीकडेच जाई आणि मुलाला परीक्षेपुरते हवे असे. १९०९ साली आईने त्याचे लग्न लावून दिले. आता कमाई हवी होती. १९१० साली तो वह्या काखोटीला मारून रामस्वामी अय्यरांकडे गेला आणि त्यांच्या कचेरीत एखादी लहानशी जागा मागितली. अय्यरांनी वह्या चाळल्या. अशा माणसाला महसूल खात्याच्या तळच्या पायरीवर बसवून त्याच्या बुद्धीचा गळा घोटायचा नाही, असे त्यांनी ठरवले. नोकरी दिली नाही. मद्रासच्या गणितज्ञ मित्रांकडे पाठवले. त्यांत शेषू अय्यर हे त्याचे कॉलेजातले जुने प्राध्यापक होते. त्यांनी त्याला नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्याकडे पाठवले.

रामचंद्र रावांना पहिल्यांदा संशय आला. हा माणूस खरा की भोंदू, हे त्यांना कळेना. त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा येऊ दिले. साध्यातून अवघडाकडे नेत त्याने आपले काम समजावले, तेव्हा त्यांची खात्री पटली. तुला काय हवे, असे त्यांनी विचारले. दोन वेळच्या जेवणाची काळजी मिटली की काम करीत राहता येईल, एवढेच त्याचे मागणे होते. रावांनी स्वतःच्या खिशातून महिना २५ रुपये सुरू केले. १९११ साली सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा पहिला मोठा लेख आला. १ मार्च १९१२ रोजी तो मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाला. तिथले वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. संस्थेचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनीही आपल्या कारकुनाच्या पाठीशी उभे राहायचे ठरवले. केंब्रिजच्या दोन प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्रांतून काही निष्पन्न झाले नाही. १६ जानेवारी १९१३ रोजी त्याने हार्डीला पत्र लिहिले.

हार्डीने आपला सहकारी लिटलवुड याला बरोबर घेऊन ती सूत्रे वाचली. कित्येक सूत्रे त्यांनी पूर्वी कधीच पाहिली नव्हती. हा मनुष्य पहिल्या प्रतीचा गणिती आहे, असा दोघांचा निर्णय झाला. हार्डीचे उत्तर आल्यावर मद्रास विद्यापीठानेही हालचाल केली. पदवी नसलेल्याला संशोधनाची वृत्ती देता येत नव्हती. नियमाला वळसा घालून महिना ७५ रुपये मंजूर झाले. ज्याला त्या विद्यापीठाच्या परीक्षेने दोनदा नापास केले, त्यालाच त्याने संशोधक म्हणून घेतले. त्याबद्दल विद्यापीठाला हसण्यापेक्षा मी त्याला नमस्कार करीन. आपला नियम एका माणसासाठी बाजूला ठेवायला संस्थेलाही धैर्य लागते.

१७ मार्च १९१४ रोजी तो बोटीने इंग्लंडला निघाला. १९१६ साली केंब्रिजने संशोधनाबद्दल त्याला बी. ए. दिली. आयुष्यातली ही त्याची पहिली पदवी, आणि तिच्यात शरीरशास्त्राचा पेपर नव्हता! १९१८ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजचा.

त्या वर्षी हार्डी आणि त्याने मिळून जे काम प्रसिद्ध केले, ते फराळाच्या ताटावरही सांगता येते. चार लाडू घ्या. त्यांचे ढीग किती प्रकारे करता येतील? चारांचा एक ढीग. तीन आणि एक. दोन आणि दोन. दोन, एक, एक. आणि चार सुटे. एकूण पाच प्रकार. पाच लाडवांचे सात प्रकार होतात, दहांचे बेचाळीस. शंभर लाडू घेतले तर प्रकार होतात १९,०५,६९,२९२, आणि दोनशे घेतले तर ३९,७२,९९,९०,२९,३८८. ही संख्या एकेक ढीग मोजून कोण काढणार? तिच्याजवळ नेणारे सूत्र या दोघांनी शोधले. मॅकमेहन नावाच्या लष्करी मेजर गणितज्ञाने दोनशेचा आकडा स्वतंत्रपणे काढला होता, त्याच्याशी ते ताडून पाहिले, आणि जुळले.

मला मात्र या सगळ्यात मोलाचे वाटते ते हार्डीचे शिकवणे. रामानुजनला आधुनिक गणितातल्या कित्येक साध्या गोष्टी ठाऊक नव्हत्या. सिद्धता म्हणजे काय, याचीही त्याची कल्पना अंधुक होती. आमच्यासारख्या मास्तराने त्याला पहिल्या धड्यापासून बसवले असते. हार्डीने पुढे लिहून ठेवले आहे की, त्याला न रुचणाऱ्या गोष्टी शिकण्याची सक्ती केली, तर त्याचा आत्मविश्वास जाईल किंवा त्याच्या प्रतिभेची तार तुटेल, ही भीती त्यांना वाटे. पण काही गोष्टींचे अज्ञान चालण्यासारखेही नव्हते. म्हणून त्याच्या स्वतःच्या कामात जिथे अडेल, तिथे ती गोष्ट समजावायची, असा मार्ग त्यांनी काढला. आपण त्याला शिकवले त्याहून जास्त आपण त्याच्याकडून शिकलो, अशी कबुली हार्डीने दिली आहे. हा हार्डी परीक्षेच्या क्रमवारीचा कडवा विरोधक होता. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत क्रमांक लावून याद्या जाहीर करण्याची चाल १९०९ नंतर बंद झाली, त्या चळवळीत तो पुढे होता. मुलाच्या उणिवा दडवायच्या नाहीत, पण त्याच्या बळाच्या बाजूने त्या भरायच्या, हे त्याला उमगले होते.

२६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला बत्तिसाव्या वर्षी रामानुजन वारला. लोक त्याच्या अकाली मृत्यूबद्दल हळहळतात. हार्डीचे म्हणणे वेगळे होते. त्याच्या मते खरे नुकसान झाले ते ऐन तरुण वयात. ज्या पाच वर्षांत अशी बुद्धी वाढायची, ती वर्षे वाट चुकण्यात गेली आणि त्यांची भरपाई पुढे पुरती झाली नाही. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझ्या विद्यार्थ्याची अशी किती वर्षे गेली असतील, हा हिशेब मला करवेना.

कोणी म्हणेल, पण रामानुजन हा लाखात एक! आमचा बंडू म्हणजे काही रामानुजन नव्हे. अगदी खरे. आणि बंडूने रामानुजन व्हावे, असे माझे म्हणणेही नाही. ज्याला अलौकिक बुद्धी होती आणि जी वह्यांच्या पानापानांतून दिसत होती, त्यालाही ओळखायला एवढी माणसे आणि एवढी वर्षे लागली; मग साधारण हुशार मूल मागच्या बाकावर हरवले तर ते कोणाला दिसणार? माझा मुद्दा एवढाच आहे.

मोजण्याच्या नव्या काठ्याही पुरत नाहीत. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने याने १९०५ साली बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून मदत करता यावी म्हणून. अमेरिकेत टर्मन या मानसशास्त्रज्ञाने तिचाच विस्तार करून १९२१ पासून सुमारे दीड हजार अतिबुद्धिमान मुले निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्या चाचणीत जी मुले निवडली गेली नाहीत त्यांत दोघे होते : विल्यम शॉकले आणि लुई अल्वारेझ. शॉकलेला १९५६ साली आणि अल्वारेझला १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी ते कोणालाही मिळाले नाही.

आपल्याकडेही या दिशेने पावले पडली. १९६२ साली पुण्यात आप्पा पेंडसे यांनी बुद्धिमान मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. १९६३ पासून विज्ञानातल्या गुणी विद्यार्थ्यांचा शोध सुरू झाला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट मान्य झाली, जिची मला १९७८ साली गंधवार्ता नव्हती. काही मुलांची समज चांगली असते, पण अक्षरे आणि अंक वाचताना-लिहिताना त्यांचा मेंदू अडखळतो. डिस्लेक्सिया हा त्यातलाच प्रकार. अशा मुलांना शालान्त परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात अध्ययनातल्या या अडचणीचे नाव आले. म्हणजे ज्याला मी आळस म्हटले, त्याला कायद्यानेही दुसरे नाव दिले.

चार दिवसांनी तो आला, नातीला घेऊन. मी त्याला म्हटले, “अरे, तुझ्या पुस्तकावरचा शेरा चुकीचा होता. अर्धा खरा होता. पुढचा अर्धा मी न बघता लिहिला.” तो काही बोलला नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा घातली. माझी पत्नी चहा घेऊन आली, तेव्हा तो तिला म्हणाला, “काकू, साखर कमी टाका,” आणि तो विषय तिथेच राहिला.

मग आम्ही नातीचे बोललो. तिची रीतसर तपासणी करून घ्यावी, शाळेत जाऊन शिक्षकांशी भांडू नये, तर त्यांना तिची तोंडी उत्तरे ऐकवावी, आणि घरी तिच्यावर आळशीपणाचा शिक्का बसू देऊ नये, असे ठरले. रामचंद्र रावांसारखे २५ रुपये देण्याची पाळी प्रत्येकावर येत नाही. पण पुन्हा पुन्हा येऊ देणे आणि नीट बघणे, हे त्यांनी आधी केले होते, आणि ते कोणालाही करता येते.

पुढे तपासणी झाली. आडाखा बरोबर निघाला. शाळेने तिला पेपरला जादा वेळ दिला. चमत्कार काही झाला नाही. भाषेत ती अजून रडतखडतच पास होते. पण परवा ती आली होती. आम्ही मोठे बोलत होतो, म्हणून मी तिच्यापुढे शंकरपाळ्यांची बशी सरकवली आणि ढिगांचे कोडे घातले. चारांचे पाच प्रकार तिने चटकन मांडले. पाचांचे सात. मी कागद-पेन्सिल मुद्दामच दिली नव्हती. थोड्या वेळाने आवाज आला, “आजोबा, सहाचे अकरा होतात. अजून आहेत का?”

मी उठून मोजले. अकराच होतात.

तेव्हा वाचकहो, यंदा कोणाच्या घरी फराळाला गेलात तर सहामाहीच्या पेपरांचे विचारू नका, असे मी म्हणत नाही; जुनी सवय एका दिवाळीत जात नाही. विचारा. पण त्यानंतर थोडे थांबून, तुला काय करायला आवडते ते दाखव बघू, असेही विचारा, आणि त्याने वही आणली तर ती उघडून पाहा. माझ्या हाती छत्तीस वर्षे अशा किती वह्या आल्या असतील. मी त्यांचे गुण मोजले आणि परत केल्या.